बिल एकाच्या नावावर, घर चौघांचं

प्रिय ताई,

मी मूळचा सांगलीचा. मास्टर्ससाठी कोव्हेंट्रीला आलो, कोर्स २० सप्टेंबरला संपला आणि आता ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करतो. आम्ही चौघं एका घरात राहतो आणि एकाच भाडेकरारावर चौघांच्या सह्या आहेत. माझ्याच वर्गातला नागपूरकर आहे, पीएचडी करणारा पुणेकर आहे आणि सप्टेंबरमध्ये आलेला कोल्हापूरकर आहे. त्याच्या जागी आधी जळगावचा एक मित्र होता. तो ऑगस्टमध्ये भारतात परतला आणि गॅस-विजेचे १४० पौंड देणं ठेवून गेला.

कोर्स संपल्याचं मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, कळवलं. नागपूरकरानं कळवलं नाही. ऑक्टोबरअखेरीस कौन्सिल टॅक्सचं बिल आलं, फक्त माझ्या नावानं, घरात एकच प्रौढ धरून २५ टक्के सवलत लावून. मार्चपर्यंतचे ६६६ पौंड, पाच हप्त्यांत, म्हणजे महिन्याला १३३. पुणेकर आणि कोल्हापूरकर म्हणतात, आम्ही विद्यार्थी, आम्हाला माफ आहे. नागपूरकर म्हणतो, "मला अजून नोकरी नाही, मग टॅक्स कसला? आणि मी कळवलं तर तुझी २५ टक्के सवलत जाईल. तुझ्याच फायद्यासाठी गप्प बसलोय."

रस्ते, दिवे, कचऱ्याची गाडी सगळेच वापरतात, मग चार भाग का नकोत? माझ्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही असं लिहिलंय, मग ही सवलत घेऊन मी अडचणीत येईन का? वीज आणि इंटरनेटही माझ्याच नावावर आहे. मित्रांकडे पैसे मागायला फार जड जातं.

— एक भिडस्त, कोव्हेंट्री

प्रिय भिडस्त,

नागपूरकराचा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो ऐकून मला हसू आलं. सध्याच्या बिलानं तू ६६६ पौंड भरणार आणि तो शून्य. त्यानं कळवलं तर सवलत जाईल आणि बिल ८८८ च्या आसपास होईल, पण ते दोघांचं असेल. म्हणजे तुझ्या वाट्याला ४४४. घराचं बिल वाढून तुझे २२२ पौंड वाचतात. तुझ्या फायद्यासाठी गप्प बसणारा असा मित्र जरा महागात पडतो.

आता नियम काय आहे ते बघू. आपल्याकडे पुण्यात किंवा सांगलीत भाड्यानं राहताना मालमत्ता कराचा कागद भाडेकरूला दिसतसुद्धा नाही. तो घरमालकाच्या नावानं येतो आणि तोच भरतो. त्यामुळे इथे आलेल्या बहुतेक मुलांना वाटतं की भाडं दिलं की संपलं. इंग्लंडमध्ये उलट आहे. १९९२ च्या स्थानिक कर कायद्यात कर कोणी द्यायचा याची उतरंड ठरवलेली आहे, आणि मालक त्या घरात राहत नसेल तर साधारणपणे तिथे राहणारे भाडेकरू पुढे येतात. एकाच करारावर सह्या करून राहणारे सगळे जण एकत्रितपणे जबाबदार, आणि प्रत्येक जण पूर्ण रकमेला जबाबदार. कौन्सिलच्या दृष्टीनं "माझा अर्धा भाग मी भरला" असं काही नसतं. दुसऱ्यानं अर्धा भरला नाही, तर तोही तुझ्याकडे मागता येतो.

यातून विद्यार्थी वगळले आहेत. पूर्ण वेळ शिकणारा, म्हणजे किमान एक शैक्षणिक वर्षाचा कोर्स, वर्षातले किमान २४ आठवडे आणि आठवड्याला २१ तास अभ्यास अशा व्याख्येत बसणारा. घरात सगळेच असे असले तर घराला करच नाही. म्हणून गेलं वर्षभर तुम्हाला बिल आलं नाही. एक जण विद्यार्थी नसला की बिल येतं, पण त्या बिलाची जबाबदारी बरोबर राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर टाकता येत नाही. पुणेकर आणि कोल्हापूरकर टाळाटाळ करत नाहीयेत, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पुणेकराला एवढंच सांग की पीएचडीच्या शेवटच्या लिहिण्याच्या काळात विद्यापीठाचं पूर्ण वेळ विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र चालू आहे ना, ते बघत जा. पुष्कळ जण तिथे अडकतात.

नोकरी नसणं हे मात्र कर माफ होण्याचं कारण नाही. हा प्राप्तिकर नाही, पगार असो वा नसो, राहणाऱ्यावर लागतो. नागपूरकराचा कोर्स ज्या दिवशी संपला, त्या दिवसापासून तो तुझ्याइतकाच देणेकरी आहे. कौन्सिलच्या दफ्तरी तो अजून विद्यार्थी दिसतोय, म्हणून त्याचं नाव बिलावर नाही, बस.

तुझा चार भागांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं इंग्लंडमध्ये माणशी कर आणला, लोक त्याला पोल टॅक्स म्हणत. स्कॉटलंडात तो एक वर्ष आधीच लागू झाला होता. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याविरुद्ध मोठी दंगल झाली. अखेर तो मागे घ्यावा लागला आणि एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला. हा तोडगा होता: अर्धा कर घरावर, अर्धा त्यात राहणाऱ्यांवर, आणि गृहीत धरलं की घरात दोन प्रौढ आहेत. एकच असला तर माणसांच्या अर्ध्या भागातला निम्मा कमी, म्हणून २५ टक्के सवलत. दोनापुढे कितीही माणसं असोत, बिल तेवढंच. विद्यार्थ्यांना या मोजणीत धरतच नाहीत. म्हणून चौघांच्या घरात राहूनही कागदावर तू "एकटा" आहेस.

तर ते दोघं विद्यार्थी मोजणीत नाहीत, म्हणूनच तुला सवलत मिळाली. आता त्यांच्याकडूनच पाव हिस्सा मागणं मला पटत नाही. घर घेतानाच "कुणाचा कोर्स संपला तर कर चौघांत" असं तुम्ही ठरवलं असतं, तर गोष्ट वेगळी. तसं ठरलं नव्हतं. ते परदेशी विद्यार्थ्याची फी भरतायत आणि टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करू शकत नाहीत. कोल्हापूरकराचा कोर्स संपेल तेव्हा त्याची पाळी येईलच, त्या वेळी तो पूर्ण वाटा देईल, एवढं आत्ताच बोलून ठेव.

आता व्हिसाची भीती. सरकारी मदत घ्यायची नाही ही अट खरी आहे आणि ती मोडायची नाही. पण एकट्यासाठीची २५ टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांची माफी या गोष्टी त्या अटीत येत नाहीत. त्या घेतल्यानं काही बिघडत नाही. येतं ते "कौन्सिल टॅक्स रिडक्शन", म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठी बिलात मिळणारी सूट. नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होणारच. नागपूरकर बेकार आहे म्हणून कुणीतरी त्याला "रिडक्शनसाठी अर्ज कर" असं सुचवेल, तेव्हा त्याला थांबव. त्याच्या व्हिसावर तो अर्ज चालणार नाही, आणि तो धोका २२२ पौंडांपेक्षा फार मोठा आहे.

तुझा स्वतःचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. बिल तुझ्या नावावर आहे, त्यावर सवलत दिसते आहे, आणि ती लागू नाही हे तुला माहीत आहे. सवलत चुकीची असल्याचं लक्षात आल्यापासून २१ दिवसांत कळवणं ही बिलावरच्या माणसाची जबाबदारी असते. न कळवल्यास इंग्लंडमध्ये ७० पौंड दंड होऊ शकतो. दंड सोड, पण जाणूनबुजून खोटी सवलत घेतली असं कागदावर येणं तुला परवडणारं नाही. पुढेमागे नागरिकत्वासाठी अर्ज केलास तर चारित्र्याच्या तपासणीत कौन्सिल टॅक्सचा व्यवहारही बघितला जाऊ शकतो. आणि कौन्सिलला कळणार नाही असं नागपूरकरानं समजू नये. सवलतीची यादी मतदार यादीशी ताडून बघितली जाते. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना मतदार नोंदणी करता येते. तुम्ही पहिल्या महिन्यात उत्साहानं केली असेलच.

त्यामुळे कळवायचं आहे, प्रश्न फक्त कुणी आणि कधी याचा. आधी त्याला संधी दे, पण तारीख घालून. समोर बसून बोलणं उत्तम. तोंडातून शब्द फुटत नसेल तर लिही, असं काहीतरी:

"अरे, आपल्या दोघांचाही कोर्स २० सप्टेंबरला संपलाय, त्यामुळे कौन्सिल टॅक्स दोघांच्या नावावर यायला हवा. नोकरी नसली तरी लागतो, मी तपासलंय. रविवारपर्यंत तू कळव, नाहीतर सोमवारी मी कळवतो. बिल साधारण ८८८ होईल, ४४४ तुझे, ४४४ माझे. एकदम जमणार नसेल तर किती कधी देशील ते ठरवू."

यात चिडचिड नाही, विनवणीही नाही. मग सोमवार आला की खरंच कळव. इथेच तुझ्यासारखी माणसं ढिली पडतात, "बिचाऱ्याचा इंटरव्ह्यू आहे, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात. भीड भिकेची बहीण, आणि या प्रकरणात भीक मागायची पाळी तुझ्यावर येईल, त्याच्यावर नाही. का ते सांगते. हप्ता चुकला की कौन्सिल स्मरणपत्र पाठवते, सात दिवसांत भरा म्हणून. नाही भरलं तर हप्त्यांची सोय जाते आणि उरलेलं सगळं एकदम मागतात. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च बिलात, आणि आदेश निघाला की वसुली. वसुलीचा सोपा मार्ग म्हणजे पगारातून कपात. कायद्यानं तुम्ही दोघं सारखे देणेकरी, पण पगाराची स्लिप आहे एकाकडेच.

म्हणून बिल दुरुस्त झाल्यावरही एक हप्ता चुकू देऊ नकोस. त्याच्याकडे आत्ता नसतील तर त्याचा वाटा तू भर, पण उसने दिले म्हणून, तारखेसकट लिहून. मित्र अडचणीत आहे, सहा महिने थांबणं ही माणुसकी झाली. आकडाच न बोलणं ही माणुसकी नव्हे, त्यानं तुझ्या मनात रोज एक कडू घोट साठत जातो आणि एक दिवस दुधाच्या पिशवीवरून भांडण होतं. घर सोडताना त्याच्या वाट्याच्या अनामत रकमेतून हे पैसे वळते करायचे असतील, तर तेही आत्ताच दोघांच्या संमतीनं लिहून ठेवा. एकतर्फी तसं करता येत नाही.

एक जागा जिथे जवळजवळ प्रत्येक घरात हिशेब चुकतो: हप्ता म्हणजे महिन्याचा कर नव्हे. कौन्सिल टॅक्स दिवसावर मोजला जातो, पण नेहमीच्या वर्षात तो एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत घेतात. फेब्रुवारी-मार्चला काही भरावं लागत नाही, म्हणून फेब्रुवारीत राहायला आलेला गडी समजतो की आपल्याला फुकट. तुझंच बघ, साडेसहा महिन्यांचा कर पाच हप्त्यांत येतोय, म्हणून १३३ दिसतात. खरा महिन्याचा आकडा १०५ च्या आसपास आहे. तेव्हा वाटणी करताना कोण किती दिवस राहिलं ते धरा, कोणत्या महिन्यात पैसे गेले ते नव्हे. एप्रिलमध्ये नवं बिल आलं की बारा हप्ते मागून घ्या, कौन्सिल देते. गणित सोपं होतं.

हे सगळं चौघांच्या सह्या एकाच करारावर आहेत असं धरून लिहिलं. वाचकांपैकी ज्यांचा प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार मालकाशी आहे, त्यांनी आपला कागद काढून बघावा, कारण तशा घरात कौन्सिल टॅक्स सहसा मालकावर असतो आणि भाड्यातच धरलेला असतो. तरीही वेगळे पैसे मागणारा मालक भेटला तर आधी कौन्सिलला विचारा, मग खिशात हात घाला. आणि ग्लासगो-एडिंबराच्या मंडळींना: तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलातच पाणी आणि सांडपाण्याचे पैसे येतात, त्यामुळे आकडा बघून दचकू नका.

गॅस-विजेचं गणित वेगळं आहे. तिथे कायद्याची उतरंड वगैरे नाही, खातं ज्याच्या नावावर त्याला कंपनी धरते. तू एकटाच नावावर आहेस, म्हणजे बाकी तिघं कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. कंपनी मान्य करत असेल तर आणखी एक नाव घालून घे. नाहीतर खाती वाटून घ्या: वीज-गॅस तुझ्याकडे, पाणी पुणेकराकडे, इंटरनेट कोल्हापूरकराकडे, म्हणजे प्रत्येकाला थोडी झळ राहते. इंटरनेट खरंच दुसऱ्याकडे दे. ते करार बहुधा दीड-दोन वर्षांचे असतात आणि तू कधी घर बदलशील सांगता येत नाही. बिलांसाठी चौघांचं संयुक्त बँक खातं उघडायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. संयुक्त खात्यानं तुमच्या पतनोंदी एकमेकांना जोडल्या जातात आणि एकाची उधारी दुसऱ्याला कर्ज घेताना आडवी येते. त्यापेक्षा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तिघांकडून तुझ्या खात्यावर स्टँडिंग ऑर्डर (म्हणजे बँकेनं दरमहा आपोआप पैसे पाठवायचे), आणि तीन महिन्यांनी खऱ्या बिलाशी ताळा. मागायचं काम बँक करते. तुझ्यासारख्याला हे औषध लागू पडेल.

माणूस बदलला की त्या दिवशी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाका. गॅसचा, विजेचा, असेल तर पाण्याचाही.

हीटिंगवरून तुमचं भांडण अजून झालेलं दिसत नाही, पण नोव्हेंबर आहे, होईल. नागपूरकर दिवसभर घरी, तुम्ही तिघं बाहेर, मग त्यानं जास्त द्यावेत का? माझं मत, नाही. घरी बसून नोकरी शोधणारा माणूस थंडीत कुडकुडत बसला तर कुणाचंच भलं होत नाही. सरळ चार भाग करा. फक्त खोलीत विजेचा हीटर लावून बसायला त्याला मनाई करा. विजेचं युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग पडतं, दोन किलोवॉटचा हीटर आठ तास चालला की सोळा युनिटं गेली. घराचं गॅस हीटिंग थोडा वेळ चालवणं स्वस्त. आणि ऑफजेम या ऊर्जा नियामकाची दरमर्यादा असते ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर, एकूण बिलावर नाही. तुम्ही जाळाल तेवढं बिल येणारच.

टीव्हीचं लायसन्स तू विचारलं नाहीस, पण चार मराठी मुलं म्हणजे क्रिकेट आलं. कोणत्याही चॅनेलवर किंवा अ‍ॅपवर सामना टीव्हीबरोबर थेट बघितला तर लायसन्स लागतं, लॅपटॉपवर असला तरी. संयुक्त करार असल्यानं अख्ख्या घराला एकच पुरतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे वर्षाला १७४.५० पौंड झाले होते. हे मात्र चौघांत वाटा, विद्यार्थ्यांना इथे माफी नाही.

नागपूरकर कोर्सच्या तारखेवरून वाद घालू लागला तर विद्यापीठाच्या पत्रावरची तारीख धरा, मनानं ठरवू नका. कौन्सिलचा निर्णयच चुकला असं वाटलं तर आधी कौन्सिलला लेखी कळवायचं. दोन महिन्यांत दाद लागली नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा करांचे वाद ऐकणाऱ्या लवादाकडे, जाता येतं. तोवर हप्ते भरत राहायचं. फुकट सल्ला हवा असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सेवाभावी संस्थेकडे जा.

राहिला जळगावकर. त्याचे १४० पौंड तू आता चौघांच्या हिशेबात मिसळू नकोस, कोल्हापूरकराचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो हिशेब त्याच्यात आणि तुम्हा तिघा जुन्यांत आहे. तो "पौंड कसे पाठवू, बँक फार चार्ज घेते" म्हणत असेल तर त्याला सांग, रुपयांत दे, सांगलीला माझ्या बाबांच्या खात्यावर, यूपीआयनं, आजच्या दरानं. सोबत मीटरचा आकडा आणि बिलाचा फोटो पाठव. कारणं सांगायला जागाच राहणार नाही.

— ताई